समुद्रकाठी भाजलेला राब

आमच्या बागेला मी स्वतः आग लावली. चुकून नव्हे, नीट विचार करून, वडिलांना फोनवर विचारून आणि आंघोळ करून लावली.

त्याचं असं झालं, की मुरबाड तालुक्यातल्या धसईहून मी समुद्रकाठच्या एका गावात भूगोल शिकवायला आलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, आणि तीही बाबांच्या भातशेतीच्या जिवावर. त्यामुळे मातीशी बेइमानी करायची नाही, हे पक्कं होतं. इथली हवा मऊ. कडाक्याची थंडी नाही, अंग भाजणारं ऊन नाही. भाड्याच्या घराची पाठ समुद्राकडे, आणि पाठीमागे मोकळी जागा. माझी बायको सुनंदा शहापूरची. आधी आम्ही राहायचो त्या कल्याणच्या खोलीत तिने खिडकीतल्या डब्यात एक मिरची जगवली होती. ही जागा बघताच तिने वाकून मूठभर माती हातात घेतली.

अडचण एकच होती. मालकीण कुसुमकाकू त्याच घराच्या पुढच्या खोल्या पर्यटकांना देत, आणि मागे पेवर ब्लॉक घालून त्यांच्या गाड्या लावायच्या, असा त्यांचा बेत होता. महिनाभरात तिथे बाग दिसली नाही, तर ब्लॉक येणार.

मी बाबांना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, राब भाजलास का? (आमच्याकडे भाताचं बी टाकण्याआधी जमिनीवर शेण, फांद्या आणि पाला रचून पेटवतात, तो राब.) मी म्हटलं, इथे भात नाही, मेथी आणि वांगी लावायचीत.

"जमीन ती जमीन रे. राब नाय तं पीक नाय. फकस्त वारा बघून पेटव."

सुनंदा म्हणाली की शहापूरलाही राब भाजतात, पण घराला चिकटून नाय भाजत. मी निर्धाराने दुर्लक्ष केलं.

नारळाच्या झावळ्या, सुरूचा पाला, शेण, सगळं शास्त्रशुद्ध रचलं. रविवारी सकाळी चिमूटभर माती हवेत सोडली. ती समुद्राकडे गेली. समुद्राला धुराचा काय त्रास? काडी लावली.

राब सुंदर धुमसू लागला. मी निवांत चहा मागितला. चहा येईपर्यंत वारा पडला. चहा संपेपर्यंत तो उलटा फिरला. खारे वारे! दिवस वर आला की ते समुद्रावरून रोज येतात. ते येतात, हे मी फळ्यावर बाण काढून मुलांना दाखवतो.

धूर आधी कुसुमकाकूंच्या खोल्यांत शिरला. तिथून पाहुणे टॉवेल गुंडाळून, खोकत रस्त्यावर आले. एकाची दाढी अर्धीच झाली होती. मग धूर शेजारच्या हिरामावशींच्या अंगणात गेला. तिथे बांबूंवर बोंबील वाळत होते. मी बादलीने पाणी मारलं, तर धूर दुप्पट झाला.

"पानी नका ओ मारू, माती टाका," सुनंदा म्हणाली आणि स्वतः फावडं घेऊन आली.

राब विझला तेव्हा जमीन काळी होती आणि मीही. समोर कुसुमकाकू उभ्या. हातात फोन. ब्लॉकवाल्याला आत्ताच बोलावते, म्हणाल्या. मी तोंड उघडलं, पण नुसता खोकला बाहेर आला.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "काकू, जमीन तयार झालीय. आता वर ब्लॉक घातले, तर तुमचे पाहुने फुकटच खोकले असं होईल."

कुसुमकाकूंनी काळ्या जमिनीवर एक नजर टाकली. मग फोन पिशवीत टाकला.

"ठीक आहे. महिन्यात बाग करून दाखव. आणि सरांची काडेपेटी माझ्याकडे दे."

हिरामावशींनी एक बोंबील हुंगला आणि माझ्यापुढे धरला. "मास्तर, हे आता बाजारात कोन घेनार? तुमीच न्या."

नेले. मेथी वेळेत वर आली, वांग्यांनी जीव धरला, ब्लॉक टळले. सुनंदा आता रोज सकाळी तिथे फिरते, आणि मला फक्त पाणी घालायची परवानगी आहे. बाबांनी मोठ्या अभिमानाने फोन केला. राबातून पहिलं पीक काय निघालं, विचारलं.

बाबांशी मी कधी खोटं बोलत नाही.

"दोन टोपल्या बोंबील," मी म्हणालो.