टिकाराम डायवरच्या मागची सीट

बावन सालची गोष्ट. टिकाराम डायवरची साठी उलटली होती, तरी वर्धा-अल्लीपूरची मोटर त्याच्याच हातात. मी बदली डायवर. तो आजारी पडंन तेव्हा माही पाळी. अन् तो पडेना! त्याची बायको रुखमा रोज बरोब्बर त्याच्या मागच्या सीटवर बसे. लोक म्हनत, काय जोडा हाय! माह्या बायकोनं त्या मोटरीत कधी पाय ठेवला नाई. माहा नुसता जळफळाट होये.

शेवटी मी मालकाले म्हनलं, "शेठ, म्हाताऱ्याची परीक्षा घ्या. मोटरीत मानसं बसतात, कापसाचे गठ्ठे नाई."

शेठनं रिकामी मोटर काढाले लावली. "टिकाराम, एकटाच बस अन् चालवून दाखव."

रुखमा खालीच उभी राह्यली. टिकाराम स्टेरिंग धरून बसला, पन मोटर सुरू करेना. मंग हळूच म्हने, "शेठ, समोरून बैलबंडी आली, ढोर आलं, का ही माहा खांदा दाबते. मले आता धुरकट दिसते."

म्हनजे माहंच खरं निंगालं!

रुखमा त्याचा हात धरून त्याले घरी घेऊन गेली. मोटर मले भेटली. माहे डोये एकदम साफ हायेत. माह्या खांद्याले कोनी हात लावत नाई.