पाण्याचा कॅन घेऊन विलायतेला

घरातून निघालो तवा हातात पाण्याचा कॅन व्हता. लोक विलायतेला सूटबूट नेतात, मी पाणी नेलं. हसू नका. आमच्या उदगीरकडं दुष्काळात पाव्हणा म्हणून जायचं तर आपलं पाणी आपण न्यायचं, अशी रीतच पडलीय. घरवाला चहा पाजंल, पर तांब्याभर पाणी मागितलं की त्याचं तोंड उतरतं.

हैदराबादच्या विमानतळावर साहेबानं कॅन बाजूला काढला. ओतून द्यायचं जिवावर आलं, म्हणून तिथंच उभ्यानं सगळा प्यालो. मग विमानात मी जास्त वेळ कुठं बसलो, ते इचारू नका.

खरं तर जायचं मन नव्हतं. माझी लेक महानंदा तिकडं दवाखान्यात नर्स हाय. तिची आई गेल्यापासून "अप्पा, या की" म्हणून मागं लागलेली. पर माझा सोन्या छावणीत व्हता. (छावणी म्हणजे दुष्काळात जनावरं जगवायचा मांडव.) याच बैलानं पाण्याचा गाडा वढून माझं घर चालवलं. आता हिरीच आटल्या, गाडा उभा, आन बैलाचे पाय थरथरायले. अशा वक्ताला जनावर एकदा बसलं की उठत न्हाई, हे आमच्याकडं बारक्या लेकराला बी ठावं हाय.

दोस्त महादप्पा म्हणला, "जा रे लेका, बिनफिकीर जा. पोटाखाली झोळी बांधीन, पर बसू देत न्हाई त्याला."

नंदीच्या कानात सांगतात तसं सोन्याच्या कानात सांगितलं, "येतो रे. उभा ऱ्हा."

उदगीरच्या स्टँडवर नव्या जिल्ह्याचं भांडण चालू व्हतं. एक म्हणला, "उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बगा, पाणीच पाणी." दुसरा म्हणला, "जिल्हा झाला तर टँकरवरचं नाव बदलंल, बाकी काय बदलतंय?" मला म्हणाले, "काका, तुमचं काय?" म्हणलं, "तुम्ही जिल्हा बदला, मी देश बदलून येतो."

विलायतेला पोचलो तर लेकीनं दोन दिवसांचा बेत आखून ठिवलेला. खेड्यापाड्यानं जायचं, हजारो वर्सांची उभी दगडं बगायची, मग टेकडीवर कोरलेला पांढरा घोडा. "अप्पा, लई जुनं हाय सगळं." म्हणलं, "जुनंच बगायचं तर आरशापुढं उभं कर मला. तिकिटाचे पैसे वाचले असते."

बसच्या दोन्ही अंगाला हिरवंगार. इतकं हिरवं, की मला राग आला. लेकीनं थंडगार पाव दिला, मधी चीजची चकती. मी घरून नेलेली शेंगाची चटणी त्याच्यात कोंबली, तवा कुठं तो घशाखाली उतरला.

सांजच्याला एका गोऱ्या म्हातारीच्या घरी मुक्काम व्हता. लेकीच्या नळाचा कॅन भरून मी संगं आणलाच व्हता. रीतीपरमाणं म्हातारीपुढं ठिवला. तिचं तोंड लालभडक.

"अप्पा!" लेक वरडली. "तिला वाटायलंय, तिचं पाणी तुम्हाला घाण वाटतंय."

"आगं, सांग तिला, पाव्हण्याचा भार नको म्हणून आणलंय."

लेकीनं सांगितलं. म्हातारीला काय उमगलं कुणास ठाऊक. तिनं मला हाताला धरून नळापाशी नेलं, नळ पुरा सोडला आन तसाच ठिवून लांब झाली. म्हणजे, बग बाबा, कमी न्हाई. मी पळत जाऊन तो बंद केला. तिनं परत सोडला. मी परत बंद केला. शेवटी लेकीनं आम्हा दोघांना बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी दगडं बगितली. माळावर गोल करून उभी, पुरुषभर उंच. मला आधी वाटलं, एवढाले खुंटे कुणाच्या बैलासाठी रवलेत? जवळ जायला निघालो आन चिखलात धोतरासकट उताणा पडलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उठवलं. त्याची मेंढरं तिथंच चरत व्हती. लेकीला म्हणलं, "इचार त्याला, औंदा बरं हाय का?"

त्यानं मान हालवली. लेक म्हणली, "लई बेजार हाय. पाऊस थांबतच न्हाई, कापलेलं गवत कुजून गेलं म्हणतो."

त्याचे डोळे भरले. माझे बी. तो जादा पाण्यानं रडत व्हता, मी पाणी न्हाई म्हणून. दोघं एकाच दगडाला टेकलो. त्याला वाटलं असंल, काय मायाळू माणूस हाय.

तिथूनच महादप्पाला फोन लावायला लावला. "सोन्या?"

"उभा हाय! तू खुशाल दगडं बग."

लेक म्हणली, "अप्पा, बैल उभा हाय, मग इथंच ऱ्हावा ना माझ्यापाशी." मी वाकून मूठभर गवत उपटलं आन बंडीच्या खिशात घातलं. पांढरा घोडा धुक्यात दिसलाच न्हाई. घोडा तरी माझ्यासाठी कशाला बाहीर येतो?

परत आलो. स्टँडवर जिल्ह्याचं भांडण तिथंच व्हतं. घरी न जाता छावणी गाठली. महादप्पा दिसला, पर त्यानं वर बगितलं न्हाई.

सोन्या बसला व्हता.

"काल सांजपर्यंत उभा व्हता रे," महादप्पा म्हणला. "झोळीच तुटली. चौघांनी उचलला, पर पाय धरंनात."

खिशातलं गवत काढलं. वाळून चिमूटभर झालं व्हतं. सोन्यानं वास घेतला, गवत तसंच सोडलं आन माझा तळवा चाटला. घामाचं मीठ आवडलं असंल.

महादप्पा म्हणला, "काय बगितलंस तिकडं?"

"दगडं."

"कशी हायत?"

"उभी हायत. हजारो वर्सं. ज्याला पाणी लागत न्हाई, तेच उभं ऱ्हातंय बग."

सोन्याचं मुंडकं मांडीवर घ्यावं म्हणून मग मी बी खाली बसलो.