गच्चीवरची तापलेली पाटी
ओल्या गोणपाटाचा वास आला की मला जळगावच्या आमच्या कॉलेजची गच्ची आठवते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी, नव्वदच्या सुमारास, विभागाकडे एकच सौर पॅनेल होतं. काचेखाली सिलिकॉनच्या निळसर चकत्या ओळीने मांडलेल्या. शिपाई नाना त्याला पाटी म्हणत. सरांनी ते प्रकल्पासाठी विश्वासाने माझ्या हाती दिलं होतं. ऊन जितकं कडक तितका व्होल्टमीटरचा काटा वर जाणार, अशी माझी खात्री होती. पण एप्रिलच्या भर दुपारी तो सकाळपेक्षाही खाली आला. वायरी पुन्हा जोडल्या, काच पुसली, तरी तेच. आपल्या हातून पॅनेल बिघडलं, सरांना आता काय सांगायचं, अशी धास्ती वाटली. माठ भरायला वर आलेल्या नानांनी पॅनेलला मागून हात लावला आणि झटकन काढला. “पाटी तापेल शे, माय. इतला ऊनमा कोनी काम करस का?” मी म्हणाले, “नाना, ती उन्हावरच तर चालते.” “उजेडवर चालस ना? मंग ताप कसाले?” असं म्हणत त्यांनी माठाभोवतीचं ओलं गोणपाट सोडून पॅनेलच्या पाठीला लावलं. थोड्या वेळात काटा हळूहळू वर सरकू लागला. मी गोणपाट काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं, ऊन उतरेपर्यंत आकडे लिहीत राहिले. पुढे पॅनेल तापलं की व्होल्टेज घटतं, हाच माझा प्रकल्प झाला. त्याच्या आभाराच्या पानावर प्राचार्यांपासून टायपिस्टपर्यंत सगळे आहेत, नाना नाहीत. तेव्हा मला ते सुचलंसुद्धा नाही, याचंच आज नवल वाटतं.