खाडीचं काही आहे का?

माझं लग्न ठरताना आईने माझ्याबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून टाकल्या. पोरगी तापट आहे आणि पोरीला खाडीचं चालत नाही. पहिली गोष्ट सासरच्यांनी हसण्यावारी नेली. दुसरी त्यांनी मान डोलावून ऐकली, पण त्यांना ती कळली नसावी. ते पालीकडचे, भातशेतीवाले. त्यांच्याकडे खाडीच नाही.

आमच्या घरी 'खाडीचं' म्हणजे कोळंबी, जवळा, सोडे, चिंबोरी, सगळं. मासे मला चालतात. बांगड्यावर तर मी तुटून पडते. पण लहानपणी एकदा कोळंबीच्या कालवणात भाकरी बुडवून खाल्ली आणि ओठ तळलेल्या वड्यांसारखे फुगले, घसा आवळला. मिठागरावर मीठ न्यायला आलेल्या ट्रकात घालून वडिलांनी मला उरणच्या दवाखान्यात पोचवलं. तेव्हापासून घराला धाक बसला. त्यात आमच्याकडे सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, कशात असतील याचा नेम नाही. वांग्यात, वालात, दुधीत, कुठेही. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यावर मी एवढी मोठी यादी म्हणायला लागले की लोक हसायचे. मग आईने सगळ्याचा मिळून एकच प्रश्न करून दिला आणि माझ्याकडून घोकून घेतला. "यात खाडीचं काही आहे का?" नाही म्हणाले तर जेवायचं, हो म्हणाले तर दहीभात मागायचा. लग्नांत, बारशांत, मैत्रिणींच्या डब्यांत हा प्रश्न मला कधी दगा देऊन गेला नाही.

आई जवळा, म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, भाजायची तेव्हा मला ओटीवर बसवून दार लावून घ्यायची. तरी वास यायचाच. खमंग, खारट, थोडा गोडसर. आत सगळे भाकरीबरोबर चटणी मिटक्या मारत खायचे आणि मी बाहेर पायरीवर धुसफुसत बसायचे. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग यायचा.

जूनमध्ये पेरण्या उरकल्या की आम्ही नवऱ्याच्या मावशीकडे एक दिवस जाऊन येतो. पाली सोडून आत गेलं की तिचं गाव. तिला मूलबाळ नाही, माझ्या नवऱ्याला तिनेच लहानाचा मोठा केला. मलाही ती सूनबाई वगैरे न म्हणता सरळ 'बाय' म्हणते. त्या दिवशी आम्ही पोचलो तर ती चुलीपुढे बसून तव्यावर काहीतरी परतत होती. नवऱ्याने डोकावून पाहिलं आणि लहान मुलासारखा ओरडला, "पाखरं!"

वाळवीला पावसाळ्याच्या तोंडावर पंख फुटतात आणि ती वारुळातून थव्याने बाहेर पडते. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला मावशीने अंगणातल्या बल्बखाली पाण्याची परात ठेवली होती. उजेडाला आलेली पाखरं पाण्यात पडली, ती तिने गाळून घेतली. आता तिने ती तव्यावर कोरडी भाजून, सुपात पाखडून पंख उडवले आणि मीठ, हळद, मिरची लावून पुन्हा परतली. ताटात आली तेव्हा तपकिरी, तांदळाएवढी दिसत होती.

"किडे आहेत ते," मी नवऱ्याला हळूच म्हणाले.

"तुला नाही जमायचं. तू आपली लोणचं घे," तो म्हणाला आणि डोळे मिचकावले.

मला चिडवलं की मला चेव येतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. माझ्या मनात नाही नाही त्या शंका येत होत्या. कुठल्या मातीतली असतील, पोट बिघडेल का, संध्याकाळी परतीच्या वाटेवर ओकाऱ्या झाल्या तर. पण हात पुढे केला. सवयीने प्रश्नही विचारला, "मावशी, यात खाडीचं काही आहे का?"

मावशी खळखळून हसली. "खाडी हय कुठं आली गो? ह्ये आपलं रानातलं हाय. खा बिनघोर."

ती खरंच बोलत होती. मी चिमूटभर तोंडात टाकलं. आधी कुरकुरीत, भाजलेल्या शेंगदाण्यासारखं. मग आतला स्निग्धपणा जिभेवर पसरला, त्यात मीठ-मिरची उतरली. मला आवडलं. आवडलं म्हणजे इतकं की मी दुसऱ्यांदा चिमटीऐवजी मूठच भरली, भाकरीच्या तुकड्यावर पसरली आणि नवऱ्याकडे बघत ऐटीत चावली. तेव्हा मागून तो गोडसर, खारट वास नाकात चढला. ही चव मी कधी घेतली नव्हती, पण हा वास मला माहीत होता. मी ओटीच्या पायरीवर बसून तो वर्षानुवर्षं घेतला होता.

"काय गं, थेट जवळ्यासारखं लागतंय की नाही?" नवरा म्हणाला.

तोपर्यंत घास गिळून झाला होता.

कदाचित नुसती चव सारखी असेल, असं स्वतःला समजावत बसले. वाळवीचा आणि जवळ्याचा काय संबंध? एक मातीतली, एक पाण्यातला. पण तळहात खाजायला लागले. मग कान. खालचा ओठ जड झाला. पर्समधली ॲलर्जीची गोळी पाकिटातून निघेना, ती मावशीनेच फोडून काढून दिली. "काय झालं गो? काय झालं?" ती विचारत राहिली आणि नवरा एव्हाना गाडीची चावी घेऊन धावला होता.

पालीचा रस्ता मला एरवी जवळचा वाटतो. त्या दिवशी पुढे एक ट्रॅक्टर लागला, तो काही केल्या बाजू देईना. नवरा हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता, "बोलत राहा. काहीही बोल, पण बोलत राहा." आवाज आहे तोवर श्वास आहे, असं त्याचं गणित. मग मी आईच्या जवळ्याच्या चटणीची कृती सांगायला लागले. जवळा आधी निवडायचा. कोरडा भाजायचा. लसूण ठेचायची, कांदा बारीक चिरायचा. कधी न खाल्लेल्या पदार्थाची सगळी कृती मला तोंडपाठ होती. कोकमापर्यंत येताना आवाज घोगरा झाला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मला मरायची भीती वाटत होती. साधी, सरळ भीती. त्यात मोठे विचार वगैरे काही नव्हते, नुसतं पुढच्या श्वासाकडे लक्ष होतं.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. घसा हळूहळू सुटला. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान होत्या, पण रागवायला कचरल्या नाहीत.

"कोळंबी चालत नाही ना तुम्हाला? मग किडे कशाला खाल्लेत?"

"ते खाडीचं नाही," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी सांगितलं, कोळंबी, खेकडा आणि किडे दूरचे का होईना, पण एकाच गोतावळ्यातले. एक बाधलं तर दुसरंही बाधू शकतं. शरीर खाडी आणि रान बघत नाही.

आईचा प्रश्न त्या खाटेवरच निकालात निघाला. मला त्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या एका वाक्याच्या भरवशावर लोकांच्या हातचं जेवत होते.

त्यानंतर मी घरातसुद्धा प्रत्येक घास घशाकडे कान लावून खायला लागले. मावशी तर फोनच घेईना. घेतला तरी नवऱ्याशी दोन शब्द बोलायची आणि माझं नाव निघालं की ठेवून द्यायची. शेवटी भात कापून झाल्यावर आम्ही न कळवता गेलो. तिने वरणभात आणि भेंडीची भाजी केली. वाढून झाल्यावर माझ्यासमोर बसून आधी स्वतः प्रत्येकातला एक घास खाल्ला. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. विचारायचं तरी काय आता?

"कशालाच पाय न्हायती, बाय," मावशी म्हणाली. "बघून बघून केलंय."

नवरा हसला. मला हसू आलं नाही, मावशीलाही नाही. मी जेवले. ती माझ्या ओठांकडे बघत होती आणि तिच्या ताटातला भात तसाच गार झाला.

मागच्या दारी मी भांडी विसळत असताना ती जवळ येऊन बसली. इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "कशी लागली व्हती गो?"

आजवर सगळ्यांनी मला घसा कसा आहे विचारलं होतं, गोळ्या जवळ आहेत ना विचारलं होतं. आईने तर फोनवर रडून घेतलं. चव कोणी विचारली नव्हती. तिने ती पाखरं आमच्यासाठी जमवली होती, माझं बरं-वाईट झालं असतं तर ती उरलं आयुष्य त्या परातीकडे बघत बसली असती, आणि तरी तिला ते जाणून घ्यायचं होतं. मला तिच्याशी खोटं बोलवेना.

"मावशी, तेवढं चांगलं मी जन्मात काही खाल्लं नाही," मी म्हणाले. "अजून आठवण येते."

"असं म्हनू नको गो," ती म्हणाली आणि माझं ओलं मनगट गच्च धरलं, जणू पाखरांचा तवा अजून आत चुलीवरच होता. मीही हात सोडवून घेतला नाही. मला माझाच भरवसा नव्हता.