किल्ली काढल्यानंतरचं एक मिनिट

रंगनाथ ड्रायव्हरनी तीस वर्षं एसटी चालवली. तीस वर्षांत त्यांनी कुणाला शिवी दिली नाही की कुणावर हात उगारला नाही. पण उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं, मग ती गाडी कुणाचीही असो. पाहुणा दारात स्कूटर फुरफुरत ठेवून "जय भीम" म्हणाला, तर हे हात जोडायच्या आधी म्हणायचे, "आदी ती बंद करा."

नोकरीत असताना त्यांची एक खास लकब होती. स्टँडात शिरायच्या आधीच ते इंजिन बंद करायचे आणि उरलेल्या वेगावर गाडी अशी अलगद फलाटाला लावायचे, की झोपलेल्या म्हातारीची मान हलू नये. अशा थेंबाथेंबानं वाचवलेल्या डिझेलबद्दल त्यांना तीन प्रशस्तिपत्रकं मिळाली होती. नगरला सावेडीतल्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, थोडं अंतर राखून, ती तिन्ही काचेत लावलेली होती.

शहाण्णव साली त्यांचा मुलगा महेंद्र जपानहून परत आला. कंपनीनं त्याला चार वर्षं तिकडे ठेवलं होतं, आता नगरच्याच कारखान्यात मोठ्या जागेवर घेतलं. येताना त्यानं स्वतःची गाडी जहाजातून आणली. चंदेरी रंगाची, बुटकी, पेट्रोलवर चालणारी, आणि मागच्या झाकणावर इंग्रजीत 'टर्बो' लिहिलेली. आक्काबाईंनी, म्हणजे रंगनाथांच्या पत्नीनं, ते एकदा वाचून घेतलं आणि तेव्हापासून शेजारणींना सांगायला सुरुवात केली, "आमच्या म्हयंद्राच्या गाडीत टरबूज हाय. म्हनून ती पळती."

महेंद्रला मात्र ती अजून पळवायची होती. जपानात त्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी आपापल्या गाड्यांना नवे भाग बसवत. इथे यायच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. आता त्याचा एक मित्र चार महिन्यांनी तिकडून पुण्याला येणार होता आणि सामानात एक खोकं आणायला तयार होता. एकच. त्यात काय मागवायचं, यावर रोज जेवताना चर्चा झडायची. महेंद्र कॅलेंडरच्या पाठीवर यादी करायचा. धूर बाहेर टाकणारा रुंद पाइप, हवा जास्त ओढणारी जाळी, टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवायचं बटण.

"आदी थांबायचं बग," रंगनाथ भाकरी मोडत म्हणायचे. "मंग पळायचं. ब्रेक कसं हायेत?"

"ब्रेक चांगले आहेत, अण्णा."

"चांगलं हायेत ते आताच्या पळन्याला. उद्या घोडं जास्त जुपल्यावर?"

महेंद्र हसून यादीत एक ओळ वाढवायचा आणि दुसऱ्या दिवशी खोडायचा.

त्यानं सहादेव मिस्त्रीलाही विचारलं. सहादेवचं गॅरेज सावेडी नाक्याजवळ, पत्र्याच्या दोन शेडचं. मूळ पाथर्डीकडचा माणूस, आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. हा मात्र वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपगाड्या दुरुस्त करता करता इथे टिकला. यादीवरून त्यानं काळं बोट फिरवलं आणि दाबाच्या बटणापाशी थांबला. "साहेब, ह्ये नगं. तिकडचं पेट्रोल येगळं, आपलं येगळं. आपल्या पेट्रोलवर दाब वाढवला का इंजिन ठोकाया लागतंय. पिस्टनचं वाटुळं व्हईल." महेंद्रला ते पटलं, पण मन काही तयार होईना. त्यानं त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

या सगळ्यात रंगनाथांना काय हवं होतं, ते कुणी विचारलं नाही. त्यांना स्टिअरिंग हवं होतं. चार महिने ते शेजारच्या सीटवर बसून उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. तीस वर्षं घाट चढवलेल्या माणसाला पोराच्या गाडीत पाहुण्यासारखं बसायचं, हे त्यांना फार लागत होतं. पण मागायचं कसं? बापलेकांत तेवढं बोलणंच नव्हतं. महेंद्र लहान असताना रंगनाथांची ड्युटी मुक्कामी गाडीवर. रात्री कुठल्या तरी गावात गाडी लावायची, पहाटे काढायची. घरी येत तेव्हा पोरगं शाळेत, नाहीतर झोपेत. मग पोरगं कॉलेजात, मग जपानात. दोघांत भांडण कधीच झालं नाही, कारण त्याला लागणारा वेळही मिळाला नव्हता.

एका बुधवारी महेंद्र आपण होऊन म्हणाला, "अण्णा, मी उद्यापासून कंपनीच्या बसनं जातोय. गावाकडून ज्वारी आणायचीय ना? तुम्ही आणि आई गाडी घेऊन जा."

रंगनाथांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"फक्त एक अट आहे. करंजीचा घाट चढून आलात की टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन लगेच बंद करायचं नाही. एक मिनिट नुसतं चालू ठेवायचं, मग किल्ली काढायची. आणि घरी आल्यावरही तसंच. एवढं पाळा."

"पाळतो की," रंगनाथ म्हणाले. त्या क्षणी त्यांनी काहीही पाळलं असतं.

पुढचे सहा आठवडे रंगनाथ पंचविशीतले झाले. ज्वारी झाली, मग डाळ, मग नुसतंच काहीतरी निमित्त; दर गुरुवारी पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, शेजारी आक्काबाई. येताना घाट चढताना गाडी पाठीत ढकलल्यासारखी पुढे जायची, आक्काबाई डोळे मिटून "हळू, हळू" म्हणायच्या आणि हे हसत गियर बदलायचे. घाटमाथ्यावर चहाची टपरी. तिथे पहिल्या गुरुवारी त्यांनी खरंच इंजिन चालू ठेवलं. दहा सेकंद गेली. वीस गेली. उभी गाडी, चालू इंजिन, आणि एसटीतला एक जुना कंडक्टर टपरीवरून बघतोय! रंगनाथांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि तीही स्वतःवरच. त्यांनी किल्ली फिरवली.

"म्हयंद्र काय म्हनला हुता?" आक्काबाईंनी विचारलं.

"त्याला काय कळतंय? तीस वर्षं इंजिनाशी संसार केलाय म्या."

नंतर तर सवयच झाली. माथ्यावर चढताक्षणी इंजिन बंद. सावेडीत गल्लीच्या तोंडाशी पुन्हा बंद, आणि उरलेल्या वेगावर गाडी फाटकात. अगदी फलाटाला लावल्यासारखी.

सातव्या आठवड्यात गाडी निळा धूर सोडू लागली.

रविवारी सकाळी महेंद्रनं गाडी सहादेवकडे नेली, रंगनाथ बरोबर होते. सहादेवनं टर्बोला तेल नेणारी नळी काढली, तिच्यात तार घातली आणि बाहेर आलेलं तळहातावर झटकलं. काळे, कडक खडे. दूध करपून पातेल्याला लागतं ना, तसे.

"तेल जळलंय," सहादेव म्हणाला. "ट्रकच्या टर्बोत बी असंच व्हतं. आतला पंखा तेलावर फिरतो, साहेब. इंजिन बंद केलं का तेल थांबतं, पर पंखा तापलेलाच ऱ्हातो. तेल जागच्या जागी भाजून निघतं. कुनीतरी गरम गाडी बंद करतंय."

"शक्यच नाही," महेंद्र म्हणाला. "मी करत नाही. आणि अण्णांना मी सांगून ठेवलंय. अण्णा तीस वर्षांचे ड्रायव्हर आहेत, एकदा सांगितलेलं ते मोडणार नाहीत. सहादेव, गेल्या महिन्यात तेल तू बदललंस. तेच हलकं होतं. खरं सांग."

"साहेब, डबा तुमच्यासमोर फोडला व्हता."

"मग दुसरं कारण काय? राहू दे. गाडी मी पुण्याला नेतो. पुन्हा इथं आणायला नको."

सहादेवनं हातातलं फडकं हळूहळू घडी करायला घेतलं. नाक्यावरच्या जीपवाल्यांत त्याची मान या एका गाडीनं उंच झाली होती आणि ती आता त्याच गाडीनं खाली जाणार होती.

रंगनाथ बाजूला टायरच्या ढिगावर बसले होते. गप्प बसलं तर स्टिअरिंग राहणार होतं. बोललं तर गुरुवार संपले. हिशोब एवढा सरळ होता, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली ती एवढ्यासाठीच, की तो हिशोब त्यांनी मनात करून पाहिला.

"म्हयंद्रा," ते उठले. "त्याच्या तेलाला नाव ठिवू नगं. म्याच बंद करीत हुतो. माथ्यावर बी आन् घरी बी. पैल्या दिवसापासनं."

"मी सांगितलं होतं ना, अण्णा?"

"सांगितलं हुतंस. मला चालू इंजिन बघवत न्हाई. सहादेव, माफ कर बाबा."

सहादेवचा चेहरा उजळला आणि तो लगेच रंगनाथांच्या बाजूला गेला. "असू द्या, अण्णा. लई लौकर सापडलंय, पंखा शाबूत हाय. नळी नवी टाकतो, तेल बदलतो." मग महेंद्रकडे वळून म्हणाला, "साहेब, आमचा बाप कारखान्यावर ऊस घेऊन यायचा तवा बैलं घामाघूम असायची. जू काढलं तरी त्यांला लगेच पानी दावीत नव्हता. आदी दम खाऊ द्यायचा. ह्यो टर्बो म्हंजी तसाच बैल. अण्णांनी इंजिन हाकली, बैलं कवा हाकली?"

यावर महेंद्र हसला नाही, पण गाडी पुण्याला न्यायची गोष्टही त्यानं पुन्हा काढली नाही.

गाडी नीट झाली. किल्ली मात्र कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली राहिली आणि रंगनाथांनी तिकडे बघायचं टाळलं. गुरुवारी ते एसटीनं गावाला गेले. जेवतानाची यादीची चर्चाही थांबली. महेंद्र एसटीडी बूथवर जाऊन जपानला काहीतरी बोलून आला, एवढंच आक्काबाईंनी सांगितलं.

पावणेदोन महिन्यांनी मित्र आला, आणि महेंद्र पुण्याहून खोकं घेऊन परतला. आक्काबाईंना वाटलं होतं, मोठा पाइप असेल, दोघांनी धरावा लागेल. खोकं निघालं साबणाच्या वडीएवढं.

"ह्यात काय हाय?" रंगनाथांनी न राहवून विचारलं.

"पहिली सुधारणा," महेंद्र म्हणाला. "बाकीचं सगळं खोडलं. पुढच्या वेळी ब्रेक मागवू."

सहादेवनं दुपारभर बसून तारा जोडल्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास महेंद्रनं खिळ्यावरची किल्ली काढली आणि बापाच्या हातात ठेवली. "चला, घाटापर्यंत जाऊन येऊ. तुम्ही चालवा."

रंगनाथांनी सदराही बदलला नाही. घाट उतरले, फिरवली, पुन्हा चढवली. पाठीत तोच जुना ढकल. टपरीपाशी गाडी थांबवून त्यांनी हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून काढली आणि हातात घेतली.

इंजिन चालूच.

"अरं! बंद व्हईना!" त्यांनी किल्लीकडे बघितलं, मग गाडीकडे. "किल्ली माज्या हातात हाय, आन् ही चालू!"

"होईल. ते बघा."

समोर एका छोट्या काळ्या डबीवर लाल आकडे उतरत होते. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

"एक मिनिट ती स्वतःच दम खाते, मग स्वतःच बंद होते," महेंद्र म्हणाला. "तुम्ही बंद केली तरी चालेल आता. तुमच्या हाताला मी काय सांगणार? हाताची सवय तीस वर्षांची. म्हटलं, गाडीच बदलू."

सत्तेचाळीस. शेहेचाळीस. पोरगं रागावलं नव्हतं. पोरानं लांबलचक यादीतून पहिली वस्तू निवडली होती ती बापाच्या हातासाठी. रंगनाथ खिडकीबाहेर बघू लागले.

"अण्णा," महेंद्र म्हणाला, "मी चौथीत असताना एकदा तुमच्या गाडीत बसलो होतो. याच घाटात. बॉनेटजवळच्या सीटवर. तुम्हाला आठवतं?"

"आठवतं की. तू झोपलास. उतारापत्तुर म्या एका हातानं तुला धरलं हुतं."

"मी झोपलो नव्हतो."

रंगनाथांनी मान वळवली. "मंग डोळं का मिटलं हुतंस?"

"तुम्ही हात काढला असता ना."

तीन. दोन. एक. इंजिन शांत झालं. टपरीवरून कुणीतरी चहा सांगायचा का म्हणून ओरडलं, पण दोघांपैकी कुणीच दार उघडलं नाही.

रंगनाथांनी त्या डबीला बोट लावलं. "म्हयंद्रा, ह्ये मिनिट वाढवता येतं का रं?"

"येतं. तीन मिनिटांपर्यंत. पण अण्णा, उगाच पेट्रोल जळेल."

"जळू दे," रंगनाथ ड्रायव्हर म्हणाले.