दुधाच्या कार्डावरचे इंग्रजी शब्द

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीनंतर घरी बसले. त्यामुळे मला जे काही इंग्रजी येतं ते पाण्याच्या लाइनीत आलेलं आहे. ते मला माझ्या नणंदेनं शिकवलं.

लग्न होऊन मी शिरूर कासारजवळच्या या गावात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, गावची दूध सोसायटी बंद पडली. सेक्रेटरीनं रिकामे कॅन पाणी भरायला घरोघर वाटून टाकले. प्रत्येक कॅनच्या गळ्याशी लाल रंगात गावाची खूण म्हणून एक इंग्रजी अक्षर होतं. शीतकेंद्रावर कॅनांची अदलाबदल व्हायची, त्यामुळे कुठल्या कुठल्या गावांची अक्षरं आमच्या लाइनीत येऊन उभी राहिली होती. टँकरचा काही नेम नसे. बायका सावलीला बसत आणि कॅन उन्हात उभे असत.

नणंद दहावीला इंग्रजीत नापास झाली होती. ऑक्टोबरचा फॉर्म भरला होता. सासऱ्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, पास होण्यासारखा अभ्यास दिसला तर बीडला नर्सिंगला घालतो, नाही तर यंदा कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम एकट्या माणसाला ऊसतोडीला घेत नाही. धारूरकडच्या एका मुलाला बायको हवी होती आणि टोळी दिवाळी झाली की निघणार होती.

तिनं मातीत काडीनं काढून मला आधी अक्षरं शिकवली, मग खेळ काढला. समोरच्या दोन कॅनांवरची दोन अक्षरं घ्यायची आणि ती दोन्ही ज्यात येतात असा शब्द सांगायचा. हरेल तिनं सगळी लाइन पुढं सरकवायची.

“के आन् एन. सांगा वहिनी.”

दुसरं काही सुचेना म्हणून मी टँकर म्हणाले.

“घ्या. तुमच्या तोंडून तरी आला टँकर. आता माझा. नाइफ.”

“त्यात के कुठं हाय?”

“हाय की. पर बोलत न्हाई. तुमच्यावानी.”

बायका हसल्या. मीही पदराआड हसले.

आमचं शब्दावरून भांडण लागलं की ती पुस्तक काढायची. पुस्तकाचा कंटाळा असलेली पोरगी मला खोटं पाडायला पानंच्या पानं चाळू लागली होती. मिळालेला शब्द मी दुधाच्या कार्डावर मराठीत लिहून ठेवायचे. सकाळ, संध्याकाळ, फॅट असे रकाने त्यावर होते, आणि दूधच नव्हतं म्हणून सगळे कोरे होते.

एका दुपारी सासरे जेवायला बसले होते. मी भाकरी वाढत होते. टँकरच्या ड्रायव्हरनं त्यांच्या कानावर घातलं होतं की तुमची पोरगी लाइनीत नुसती खिदळत असते.

“काय गं सूनबाई, तुमी दोघी लाइनीत काय करता? आभ्यास का खेळ?”

दीड वर्षात मी त्यांच्याशी एका शब्दापुढं बोलले नव्हते. तेव्हाही एकच बोलले.

“खेळ.”

ते खरंच होतं. पण त्या खेळातच तिचा अभ्यास होतो, माझ्यासारख्या चौथीवालीला त्यातून एवढे शब्द आले तर ती पास कशी होणार नाही, हे सगळं सांगायचं राहिलं. सासऱ्यांनी भाकरी कुस्करली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलगा बघायला आला. इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी तिच्या हाताला हळद होती.

टोळी निघाली तेव्हा ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोचक्यांवर बसली होती. वरून दोन अक्षरं टाकील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. तिनं टाकली नाहीत.

तेव्हापासून अक्षरं मला सोडत नाहीत. खताच्या गोणीवर, औषधाच्या पाकिटावर, ट्रॉलीच्या मागं दोन अक्षरं दिसली की कानाशी येतं, सांगा वहिनी. मान वळवते तर कोणी नसतं. शब्द मात्र सापडतो. कधी असा सापडतो की त्याचा अर्थ मला ठाऊक नसतो, तो कुठं ऐकला हेही आठवत नाही. सांगायला कोणी नाही म्हणून लिहून ठेवते. कार्ड भरलं, मुलाच्या जुन्या वह्या भरल्या.

नणंद दरवर्षी हंगाम संपला की चार दिवस येते. उसाच्या पाचटानं तिचे हात कापून काळे पडलेत. अक्षरांकडं ती बघतसुद्धा नाही. पण ती घरात असली की तो आवाज थांबतो. ती गेली की परत सुरू होतो.

यंदा पुन्हा टँकर आहे. लाइनीत आता निळे ड्रम असतात. जुने कॅन चार-दोनच उरलेत, त्यांत एक आमचा. नणंद माझ्याबरोबर आली होती. सासरे आता नाहीत, तो ड्रायव्हरही नाही. मी धीर केला.

“ताई, तवा मामांना खेळ म्हनून मी सांगितलं होतं.”

“मला ठावं हाय. मी दाराआडच होते.”

“मग इतकी वर्षं बोलल्या कावून न्हाई?”

“काय बोलू? खेळतच होतो की आपण.”

पुढं जागा झाली होती. ती उठली आणि आमचा कॅन सरकवला, मग मागचा ड्रम, मग त्याच्या मागचा. हरलेलीनं करायचं काम ती एकटी करत गेली. मी उठून तिला हात लावायला हवा होता. मी पदर धरून बसून राहिले.

शेवटचा ड्रम सरकवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ती जवळ असताना कधी न येणारा आवाज माझ्या कानाशी आला, सांगा वहिनी. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ते मिटलेलं होतं.