बटण न चालणारी गेम आणि बाबांचं जाळं

कुरखेड्याच्या मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी कपाट आवरताना वीस वर्षांपूर्वीची ती तलवारीच्या गेमची सीडी सापडली. आठवते? आपण सगळ्यांनी जिला भंगार ठरवलं होतं, तीच!

तिच्यात बटण दाबून तलवार चालायचीच नाही. रिमोटवरची उजवी छोटी दांडी अंगठ्यानं फिरवावी लागायची, ती फिरेल तशी तलवार फिरणार. आपण घाईघाईत खडखड करायचो आणि पडद्यावरच्या पहिल्याच गड्याकडून मार खायचो.

जमली फक्त माझ्या बाबांना. तलावावर जाळं फेकणारा माणूस. "हात आधी मांगं ने, दम धर, मंग सोड," एवढंच म्हणाले होते.

खांदा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्यांचं जाळं खुंटीला आहे. तलावाचं नाव काढलं की उठून जातात.

आज गेमचं जुनं मशीन लावलं आणि बाबा बघत असताना चारदा हरले. शेवटी त्यांना राहवेना. "काऊन एवढी घाई करून राह्यली वो?" म्हणत रिमोट घेतला. दांडी मागं नेली. थांबले. सोडली. गडी आडवा!

तिसरा पडल्यावर मी भीतभीत विचारलं, "खांदा दुखत नाई ना, बाबा?"

"याले खांदा कुठी लागते?" रिमोट माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "ते जाळं काढ खुंटीवरून. फेकाचं तुले शिकवतो."

उद्या सकाळी तलावावर पहिला धडा आहे. मी हरणार हे नक्की, पण एकटीनं हरायला लाज वाटते. कोण येतंय सोबत?